रस्त्यावरच्या गाडीला पैसे, कुत्र्याच्या तोंडाला जाळी: हरकती-सूचनेत नेमकं काय लिहू?

हिरवाचाफा

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण सल्ला खरंच हवा आहे.

आमच्या उपनगरात महापालिकेने गेल्या आठवड्यात दोन जाहीर सूचना काढल्या. पहिली, बाजाररस्त्यावर पे अँड पार्क: दुचाकीला तासाला ५ रुपये, चारचाकीला २०. दुसरी पाळीव कुत्र्यांबद्दल: परवाना सक्तीचा, बाहेर काढताना पट्टा आणि तोंडाला जाळी, आणि काही 'हिंस्र जातीं'ची नवी नोंदणी बंद. हरकती-सूचनांना ३० दिवस आहेत, त्यातले आठ गेलेही.

माझे बाबा ७८ वर्षांचे. रोज सकाळी साडेसातला काठी घेऊन दूध आणायला जातात. डेअरी अगदी जवळ. मागच्या महिन्यात एकदा त्यांना न सांगता मी मागून चालत गेले. तेवढ्या अंतरात ते पाच वेळा पदपथावरून खाली रस्त्यावर उतरले, कारण वर स्कूटर लावलेल्या होत्या. एकदा तर एका गाडीचा आरसा धरून तोल सावरला. वळणावर टेम्पोखाली झोपलेली कुत्री उठली आणि गुरगुरली. बाबा काठी खाली टेकवून तसेच उभे राहिले. कुत्री परत पसरली, मग ते पुढे गेले. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, "काठी उगारली की ती अंगावर येते, हे मला आता कळलंय."

मला या दोन्ही गोष्टी एकाच रस्त्याच्या वाटतात, म्हणून धागाही एकच. माझा कल दोन्ही प्रस्तावांच्या बाजूने आहे. भाऊ म्हणतो, रोड टॅक्स भरतो ना आपण, परत पैसे कसले? वहिनीच्या माहेरी लॅब्रेडॉर आहे, ती जाळीवरून नाराज आहे. नुसतं "पाठिंबा आहे" असं लिहून काही होत नाही असं ऐकलंय. मग काय मागावं?

गुळपोळी

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच येऊ घातलंय.

काउंटरवरून

ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण माझं त्याच प्रकारच्या रस्त्यावर कपड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून. गिऱ्हाईक दोन ब्लाउजपीस बघायला येतं, वीस मिनिटं थांबतं, कधी घेतं कधी नाही. त्याला खाली उतरल्या उतरल्या पावती हातात मिळाली तर तो मॉलकडे वळणार. ऑनलाइनने आधीच अर्धा धंदा नेला आहे. पार्किंगला माझा स्पष्ट विरोध आहे आणि तसं मी लेखी देणार आहे.

नकाशेवाला

निवृत्त आहे, आयुष्य रस्त्यांच्या आराखड्यांत गेलं. धागाकर्तीच्या भावाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सगळीकडे येतो.

गाडी घेताना आपण भरतो तो मोटार वाहन कर. तो राज्य सरकारकडे जातो, महापालिकेच्या तिजोरीत नाही. आणि तो गाडी चालवण्यासाठी आहे, रस्त्यावर रात्रंदिवस उभी करायच्या जागेचं ते भाडं नव्हे. एका मोटारीला आराखड्यात साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. बाजाररस्त्यावर एवढा गाळा काय भाड्याने मिळतो ते काउंटरवरून यांनाच विचारा. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही पार्किंगचं शुल्क त्या जागेच्या किमतीला धरून असावं असं म्हटलं आहे. कल्पना नवीन नाही, अंमलच होत नाही.

पुण्याचं उदाहरण बघा. मार्च २०१८ मध्ये मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं. मूळ प्रस्ताव शहरभराचा होता. एवढा विरोध झाला की प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांवर आणला गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं तेही रखडलं. मुंबईत उलटी तऱ्हा. तिथे ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर ५ हजारांपासून थेट २३ हजारांपर्यंत दंड सुरू केला. दर ऐकून लोक हादरले, पण त्यातलं एक तत्त्व मला पटलं होतं: आधी जवळ वाहनतळ आहे का ते बघा, मग दंडाची भाषा करा. तो नियम २६ वाहनतळांच्या भोवतीच होता.

तेव्हा ताई, पहिली मागणी ही लिहा: शुल्क सुरू व्हायच्या आधी पदपथ मोकळा आणि पांढऱ्या पट्ट्यांनी जागा आखलेली हवी. आखणी नसताना पावती फाडली की ठेकेदार पदपथावरच्या गाडीचेही पैसे घेतो, आणि मग ती गाडी तिथे अधिकृतच होऊन बसते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पावसाळी_सँडल

शेवटच्या वाक्याला +१०० आमच्या गावात अगदी हेच झालं. आई व्हीलचेअरवर होती. पदपथावरच्या स्कूटर काढायला सांगितलं तर पावतीवाला पोरगा म्हणाला, "मॅडम, त्यांनी पैसे भरलेत."

काउंटरवरून

नकाशेवाले काका, १३५ चौरस फुटांचा मुद्दा लागला. पण मी महिन्याला भाडं भरतो ते गिऱ्हाईक यावं म्हणून. समोरची जागाच बंद केली तर?

नकाशेवाला

बंद कोण करतंय? उलट मोकळी होईल. एक काम करा. उद्या सकाळी दुकान उघडल्यावर दारासमोरच्या दुचाकी मोजा, आणि त्यांतल्या गिऱ्हाइकांच्या किती ते लिहून ठेवा. दुपारी परत मोजा. मग बोलू.

शेपूट_वाकडंच

कुत्र्यांकडे वळते. मी पशुवैद्यक आहे, निर्बीजीकरणाच्या शिबिरांत बारा वर्षं काम केलंय.

सर्वात आधी एक गोष्ट. बाबांवर गुरगुरणारी टेम्पोखालची कुत्री तुमच्या महापालिकेच्या या प्रस्तावात बसतच नाही. तो पाळीव कुत्र्यांचा आहे. परवाना, पट्टा, जाळी, हे सगळं ज्याला मालक आहे त्याच्यासाठी. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत, त्याआधी २००१ चे होते. पकडायचं, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. तुमच्या गल्लीत उद्या सकाळी कान बघत फिरा. दहांतल्या दोघांनाच खाच दिसली तर पालिकेचं काम किती झालंय ते तुम्हाला कुणी सांगायला नको.

"तिथेच का सोडता, लांब नेऊन सोडा" हे रोज ऐकते. खाणं तिथेच पडलेलं असतं: चिकनच्या दुकानामागची आतडी, हॉटेलचं उष्टं, न उचललेला कचरा. जुनी कुत्री गेली की आठ-पंधरा दिवसांत नवी येतात, आणि त्यांना ना लस ना शस्त्रक्रिया. शिवाय नव्या कुत्र्यांची हद्दीवरून भांडणं होतात, त्या काळात चावे वाढतात.

जातींच्या बंदीबद्दलही सांगते. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने १२ मार्च २०२४ ला राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ जातींवर बंदी घाला असं सांगितलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं, संबंधितांना विचारलंच नाही म्हणून. माझ्या हातून हजारो कुत्री गेली. गच्चीवर बारा तास साखळीला बांधलेलं, माणसांची सवय नसलेलं कुत्रं कुठल्याही जातीचं असलं तरी मला त्याची भीती वाटते.

दोन_मुलांचा_बाप

डॉक्टर, तुमचा आदर आहे, पण मला राग येतोय आणि तो लपवत नाही. माझा धाकटा सहा वर्षांचा. क्लासवरून येताना गल्लीतल्या तिघांनी घेरला. मांडीला चावा, आठ टाके. त्या कुत्र्याच्या कानाला खाच होती, मी स्वतः पाहिली. म्हणजे शस्त्रक्रिया झाली, लस झाली, नियमाप्रमाणे परत आणून सोडलं आणि त्याने माझ्या पोराला फाडलं. आता हद्दीचं शास्त्र ऐकायची माझ्यात ताकद नाही. मुलगा अजून लिफ्टमधून बाहेर पडायच्या आधी माझा हात घट्ट पकडतो.

शेपूट_वाकडंच

दादा, तुमच्या जागी मी असते तर मलाही हेच वाटलं असतं. तुमच्या मुलाला चावलेल्या त्या कुत्र्याला परत गल्लीत सोडा असं मी म्हणणार नाही. नियमही तसं म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात स्पष्ट केलं आहे: लस आणि शस्त्रक्रिया झालेलं कुत्रं परत सोडायचं, पण पिसाळलेलं किंवा आक्रमक असेल तर नाही. रस्त्यात वाटेल तिथे खायला घालायलाही मनाई आहे, त्यासाठी प्रत्येक प्रभागात जागा ठरवून द्यायच्या आहेत. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून तिथे परत न सोडण्याचा आदेश झाला.

तुम्ही लेखी तक्रार दिलीत का? चाव्याची तारीख, जागा, कुत्र्याचं वर्णन, केसपेपरची प्रत? ती नसली की पालिका म्हणते, आमच्याकडे आक्रमक कुत्र्याची नोंदच नाही.

दोन_मुलांचा_बाप

तोंडी सांगितलं होतं. लेखी नाही दिलं. देतो.

सिस्टर_ड्यूटीवर

सरकारी दवाखान्यात ओपीडीला असते. धाग्याच्या विषयाला थोडं सोडून होईल, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कुत्रा चावला की पहिली पंधरा मिनिटं जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. अजूनही लोक मिरची भरून येतात, चुना लावून येतात, हळद दाबून येतात. मागे एक मावशी नातवाला घेऊन आल्या, जखमेवर तिखट भरलेलं. मूल ओरडून ओरडून थकून गेलं होतं. ते तिखट धुवून काढतानाच आमची अर्धी वेळ गेली.

लस दंडात देतात. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार केव्हाच संपला, तरी त्या भीतीने माणसं येत नाहीत. आमच्याकडे कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं, ते घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. आणि अठ्ठाविसाव्याचा डोस चुकवू नका, सगळ्यात जास्त माणसं तिथेच गळतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर आमच्या हातात काही राहत नाही. मी ते दोनदा पाहिलंय. घरच्या कुत्र्याच्या पिल्लाने ओरखडलं तरी दाखवायला या.

हिरवाचाफा ताई, तुमच्या पत्रात एक ओळ माझ्यासाठी घाला: प्रभागातल्या दवाखान्यात लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही कायम असल्याचा फलक दाराशी लावा.

गुळपोळी

सिस्टर, हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, चालेल ना?

सिस्टर_ड्यूटीवर

टाका, नक्की टाका.

टेम्सकाठचा

इंग्लंडमध्ये राहतो, बारा वर्षं झाली. जातीच्या बंदीचा इथला अनुभव सांगतो. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज कायद्याने पिटबुल टेरिअर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो अशा चारांवर बंदी आली. तीस वर्षांनी चावे थांबले का? मग एक्सएल बुली आला, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो पाळणं गुन्हा झालं. यादी कायम मागून धावते. शिवाय कुत्र्याचे आईबाप कोण ते इथे बघत नाहीत, अंगकाठी बघून ठरवतात. शेजाऱ्यांचा एक गरीब स्वभावाचा मिश्र कुत्रा आठवडाभर त्यावरून अडकला होता, त्यांची मुलगी रोज रडत होती.

पार्किंगचं मात्र इथलं एक घेण्यासारखं आहे. आमच्या गल्लीत रहिवाशांना परमिट घ्यावं लागतं, फुकट काही नाही. पण १९८४ च्या रस्ते वाहतूक कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे कौन्सिलला रस्त्यावरच्या पार्किंगचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो, आणि उरलेला पैसा वाहतूक, रस्ते अशा ठरावीक कामांनाच वापरता येतो. मी आमच्याकडचा ताळेबंद वाचला आहे. पैसे देताना त्यामुळे जीवावर येत नाही.

नकाशेवाला

हाच मुद्दा! ताई, दुसरी मागणी मिळाली. वेगळं खातं, आणि त्या रस्त्याचा पैसा त्याच रस्त्याच्या पदपथावर.

मांडवीपार

गोव्याहून. आमच्याकडे २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात हिंस्र जातींवर बंदीचं विधेयक आलं, लोकांचा संताप होता म्हणूनच आलं. मला ते चुकीचं वाटत नाही. मालकाला धडा बसायलाच हवा. पण रेबीजचं काम मात्र लसीनेच झालं हेही खरं. २०१३-१४ पासून माणसं जाळी घेऊन वाडोवाडी फिरली, कुत्र्यांना टोचत गेली आणि रंगाची खूण करत गेली. शाळांत जाऊन पोरांना शिकवलं. आमच्या वाड्यावर ते आले तेव्हा माझी आजी ओट्यावरून हाका मारून गल्लीतल्या कुत्र्यांची नावं सांगत होती, आणि ते वहीत लिहून घेत होते. २०१८ पासून माणसाला रेबीज झाल्याची नोंद नाही असं सरकारने २०२१ मध्ये जाहीर केलं.

शेपूट_वाकडंच

आजीला नमस्कार सांगा. अशी एक आजी प्रत्येक गल्लीत असते, आणि तिच्याइतकी नेमकी मोजदाद कुणाकडे नसते. भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस झाली की रेबीजची साखळी तुटते, हा आकडा आमच्या कामात पाया आहे.

बखरीतलं_पान

थोडं अवांतर. कुत्र्यांवरून सरकार आणि रहिवासी भिडण्याची परंपरा मुंबईत जुनी आहे. जून १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारायची मोहीम चालू होती, मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे, त्यांच्यात मृतदेहाला कुत्र्याचं दर्शन घडवायचा विधी आहे. पोलीस घरांच्या आसपासची कुत्रीही मारायला लागले तशी पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकानं बंद झाली, फोर्टमध्ये दंगल झाली. लोकांना न विचारता आलेल्या आदेशाचं काय होतं ते दोनशे वर्षांपूर्वीही दिसलं होतं. म्हणून हरकती-सूचनांची मुदत सोडू नका असं मीही म्हणेन.

कोर्टकचेरी

वकील आहे. मुद्द्याचं तेवढं सांगतो.

पाळीव कुत्र्याच्या मालकाचा हलगर्जीपणा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे जातीच्या यादीशिवायही मालकाला धरता येतं. यादी कोर्टात टिकेल का याची मला शंका आहे, परवाना आणि पट्टा टिकतील.

पार्किंगबद्दल एक आठवण. रस्त्यावर गाड्या येतात त्याचं अर्धं कारण इमारतींत आहे. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, किंवा मोकळी जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. तरी कितीतरी सोसायट्यांत ती जागा विकलेली, भिंत घालून खोली केलेली किंवा जिम केलेली सापडते. आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा काढून बघा.

गल्लीबोळ

आमच्या स्टिल्टमध्ये माजी चेअरमनचं फर्निचर होतं नऊ वर्षं. नकाशा दाखवल्यावर दोन दिवसांत हललं. चार गाड्या आत आल्या.

सूर्योदय_टोकियो

जपानमधून. १९६२ च्या कायद्याप्रमाणे इथे आता बहुतेक ठिकाणी गाडी नोंदवायची तर आधी घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला लागतो. पोलीस येऊन मोजून जातात. मी लहान गाडी घेतली ती जागा लहान म्हणूनच. २०२५ मध्ये महाराष्ट्रातही परिवहन मंत्री प्रताप सरनाईकांनी जागेच्या दाखल्याशिवाय नवी गाडी नोंदवणार नाही असं म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण इथे स्टेशन चालत सात मिनिटांवर आहे. बस वेळेवर नसेल तर माणसाला गाडी लागतेच, तेव्हा बसची मागणीही लिहा.

पावसाळी_सँडल

बससाठी +१ माझी लेक (वय ७) वाचून विचारते आहे, पी-१ पी-२ च्या पाट्यांप्रमाणे गाड्या बाजू बदलतात तेव्हा गाडीखालची कुत्री पण बाजू बदलतात का?

शेपूट_वाकडंच

बदलतात! लेकीला शाबासकी द्या. सम-विषम तारखांना सावली जिकडे जाते तिकडे ती जातात. गाडीखालची सावली आणि उन्हाळ्यातला गारवा त्यांना हवा असतो. ताईंच्या बाबांची टेम्पोखालची कुत्री बहुधा व्यायलेली असणार. पिल्लं असताना मादी जवळ येणाऱ्यावर गुरगुरते, आणि बाबांनी केलं तेच बरोबर. पळू नये, काठी उगारू नये, शांत उभं राहावं.

काउंटरवरून

नकाशेवाले काका, मोजलं. तीन दिवस, दोन वेळा.

सकाळी अकराला दारासमोर १४ दुचाकी. त्यांतल्या ९ आमच्या ओळीतल्या दुकानांच्या नोकरमाणसांच्या, एक माझ्या पुतण्याची, दोन वरच्या क्लासच्या शिक्षकांच्या. गिऱ्हाइकांच्या दोन. दुपारी चारला जवळपास त्याच. माझ्या दोन मुली काउंटरला आहेत, त्यांच्या गाड्या मी आजपासून मागच्या मैदानात लावायला सांगितल्या. पुतण्या कुरकुरला.

विरोध पूर्ण मागे घेत नाही. पहिला अर्धा तास मोफत ठेवा, नोकरांसाठी मासिक पास मागच्या मैदानात द्या, आणि पैसे ठेकेदाराच्या पावतीबुकावर नकोत, यंत्रावर किंवा मोबाइलवर हवेत. एवढं असेल तर व्यापारी संघात मी बाजू मांडेन.

नकाशेवाला

तुमचे हात हातात घ्यावेसे वाटतात. चाळीस वर्षं बैठकांत बसलो, स्वतः मोजून आलेला दुकानदार मला क्वचितच भेटला.

हिरवाचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून दोन वेगळी पत्रं लिहिली. पार्किंगचं: आधी पदपथ मोकळा आणि आखणी, पहिला अर्धा तास मोफत, वेगळं खातं आणि दर सहा महिन्यांनी हिशोब प्रभाग कार्यालयात लावलेला. कुत्र्यांचं: परवाना, लस आणि पट्ट्याला पाठिंबा, जाळी गर्दीच्या ठिकाणी आणि आधी चावलेल्या कुत्र्याला, जातींची यादी वगळा, रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या शस्त्रक्रियांचे प्रभागवार आकडे द्या, खाण्याच्या जागा शाळा-दवाखान्यापासून दूर ठरवा, चिकनच्या दुकानांमागचा कचरा रोज उचला, आणि सिस्टरांचा फलक.

कान बघत फिरलेही. आमच्या गल्लीत अकरा कुत्री, खाच तिघांना. तेही लिहिलं. टेम्पोखालच्या कुत्रीला खरंच चार पिल्लं आहेत.

भावाने पार्किंगच्या पत्रावर सही केली नाही, कुत्र्यांच्या केली. बाबांनी दोन्हींवर केली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: "डेअरीच्या वळणावर एक बाक मिळावा."

कोर्टकचेरी

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, सुनावणीला तोच विचारतात. बाबांना सोबत न्या.